तारीखवार कामे

(रोजची कामे तारखेप्रमाणे लावल्याने काय साधते, मोबाइल फोनमधील ॲप ही मांडणी कशी करते आणि त्यात माणसाने स्वतः काय ठरवायचे असते, हे या पाठात सांगितले आहे.)

'तारीख' हा शब्द तुम्हांला नवा नाही. उर्दूत 'तारीख' म्हणजे दिवस आणि 'तारीख' म्हणजे इतिहाससुद्धा. मराठीने यातला दिवसाचा अर्थ घेतला. साल, मुदत, रोज हे शब्दही दोन्ही भाषांत आहेत. 'यादी' या मराठी शब्दात फारसीतला 'याद' शब्द आहे. यादी म्हणजे आठवण राहावी म्हणून केलेली नोंद. काही शब्दांचा अर्थ मात्र वाटेत बदलला. उर्दूत 'हफ्ता' म्हणजे आठवडा. मराठीत 'हप्ता' म्हणजे ठरावीक मुदतीने द्यायची रक्कम. हे सगळे शब्द हिशेबाचे आणि कारभाराचे आहेत. कोणते काम कोणत्या दिवशी करायचे, हे लिहून ठेवण्याची गरज फार जुनी आहे, हे यावरून दिसते.

पेशव्यांच्या काळात सरकारी दप्तरात 'रोजकीर्द' नावाची वही असे. त्या दिवशी काय आले, काय गेले, कोणाला कोणता हुकूम दिला, हे सर्व त्या दिवसाच्या तारखेखाली लिहिले जाई. व्यापाऱ्यांकडेही रोजकीर्द असे. तिच्या जोडीला दुसरी एक वही असे. तिचे नाव 'खतावणी'. रोजकीर्दीतील नोंदी खतावणीत पुन्हा उतरवल्या जात. पण तेथे त्या तारखेखाली नव्हे, तर ज्याच्या त्याच्या खात्याखाली लिहीत. "आज काय झाले?" या प्रश्नाचे उत्तर रोजकीर्द देई. "या माणसाकडे किती बाकी आहे?" याचे उत्तर खतावणी देई. नोंदी त्याच, पण मांडण्याच्या रीती दोन. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

आज अनेकांच्या फोनमध्ये कामांची यादी ठेवणारे ॲप असते. गूगल टास्क्स, मायक्रोसॉफ्ट टू डू, टोडूइस्ट अशी त्यांतील काही नावे आहेत. टोडूइस्ट २००७ साली सुरू झाले, तर मायक्रोसॉफ्ट टू डू २०१७ साली आले. नावे निराळी असली तरी आतली रचना बरीचशी सारखीच असते. आपण एक काम लिहितो, तेव्हा ॲप त्याची एक ओळ तयार करते. त्या ओळीत काही रकाने असतात : कामाचे नाव, ते कोणत्या यादीतले आहे, त्याची तारीख, वेळ, ते पुन्हा करायचे आहे का आणि ते झाले की नाही. आपण 'मराठी' किंवा 'घरकाम' ही यादी उघडतो, तेव्हा ॲप आपल्याला खतावणी दाखवते. आपण 'तारखेनुसार' ही रीत निवडतो, तेव्हा त्याच ओळी रोजकीर्दीसारख्या लावल्या जातात. पूर्वी त्यासाठी कारकुनाला दुसरी वही लिहावी लागे. आता ते काम यंत्र क्षणात करते.

यंत्र तारखा कशा लावते, हे समजून घेण्यासारखे आहे. समजा, तीन तारखा आपण नेहमीप्रमाणे दिवस, महिना, वर्ष या क्रमाने लिहिल्या : ०५-०३-२०२७, १०-०१-२०२७ आणि २०-१२-२०२६. आता त्या शब्दकोशातील शब्दांप्रमाणे डावीकडून एकेक अंक पाहून लावा. सर्वांत आधी ०५, मग १०, मग २० येईल. म्हणजे मार्च आधी, जानेवारी नंतर आणि आदल्या वर्षीचा डिसेंबर सर्वांत शेवटी! क्रम अगदी उलटा झाला. आता त्याच तारखा वर्ष, महिना, दिवस अशा लिहा : २०२६-१२-२०, २०२७-०१-१०, २०२७-०३-०५. डावीकडून लावल्या की क्रम आपोआप बरोबर येतो. मोठे माप आधी आणि लहान माप नंतर, हे त्याचे कारण. तारीख अशी वर्षापासून लिहावी, असे एक आंतरराष्ट्रीय मानक १९८८ साली प्रसिद्ध झाले. त्याचे नाव आयएसओ ८६०१. आपली कागदपत्रे फोनमध्ये किंवा संगणकावर साठवताना फाइलच्या नावाच्या सुरुवातीला अशी तारीख लिहिली, तर त्या ओळीने सापडतात.

अनेक संगणकप्रणाली याहूनही सोपी युक्ती करतात. त्या १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले, एवढेच मोजतात. एका दिवसाचे ८६,४०० सेकंद होतात. त्यामुळे कोणतीही तारीख ही एक संख्या बनते आणि दोन संख्यांतील लहान कोणती, हे सांगणे यंत्राला सोपे असते. एक सावधगिरी मात्र आपण बाळगायची. अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. फोनमध्ये ती पद्धत लावलेली असेल, तर ०५/०३ म्हणजे ५ मार्च नसून ३ मे असते. म्हणून शक्य तेथे महिन्याचे नाव अक्षरात पाहून खात्री करावी.

तारखेनुसार लावलेल्या यादीत साधारणपणे पाच भाग दिसतात. सर्वांत वर मुदत टळून गेलेली कामे असतात. ती बहुधा लाल अक्षरांत असतात. त्यानंतर आजची, मग उद्याची, मग पुढच्या दिवसांची कामे येतात. ज्यांना तारीखच दिलेली नाही, अशी कामे सर्वांत शेवटी किंवा वेगळ्या ठिकाणी जातात. हा शेवटचा भाग दिसायला निरुपद्रवी असतो, पण खरा धोका तेथेच असतो. एक उदाहरण घेऊ.

नवी मुंबईच्या उत्तर टोकाला, ठाणे-बेलापूर रस्त्यावर दिघा आहे. एका बाजूला ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखाने आणि दुसऱ्या बाजूला डोंगर, अशी ही दाट वस्ती आहे. अशा वस्तीत अनेक घरी वडील किंवा भाऊ पाळीने कामाला जातात आणि फोन घरात एकच असतो. समजा, दिघ्यात राहणारी दहावीची एक मुलगी आहे. आज ९ नोव्हेंबर आहे. संध्याकाळी फोन तिच्या हाती आला. तिने आपली कामे ॲपमध्ये लिहिली. ती तारखेनुसार अशी लागली :

१० नोव्हेंबर – ग्रंथालयाचे पुस्तक परत करणे
१२ नोव्हेंबर – मराठीचा निबंध देणे
१६ नोव्हेंबर – विज्ञानाची प्रयोगवही तपासून घेणे
३० नोव्हेंबर – शिष्यवृत्तीचा अर्ज भरणे (शेवटची तारीख)
तारीख नाही – उत्पन्नाचा दाखला काढणे

यादी नीटनेटकी दिसते. शिष्यवृत्तीला अजून तीन आठवडे आहेत. दाखल्याला तर तारीखच नाही. तेव्हा आधी पुस्तक, मग निबंध, मग प्रयोगवही, असे कोणालाही वाटेल. पण जरा थांबून विचार करा. शिष्यवृत्तीच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला जोडावा लागतो. दाखला तहसील कार्यालयाकडून मिळतो. तो अर्ज केल्या दिवशी हाती पडत नाही. समजा, त्याला पंधरा दिवस लागतात. आता शेवटच्या तारखेपासून मागे मोजत येऊ.

शिष्यवृत्तीची शेवटची तारीख ३० नोव्हेंबर. शेवटच्या दिवसांत गर्दी असते, कधी संगणक मंद चालतो, कधी अर्जात चूक निघते. म्हणून तीन दिवस हाताशी ठेवू. म्हणजे दाखला २७ नोव्हेंबरला हवा. त्यातून पंधरा दिवस वजा केले, की १२ नोव्हेंबर उरतो. दाखल्याचा अर्ज त्या दिवशी तरी गेलाच पाहिजे. अर्जाबरोबर शिधापत्रिका, आधार कार्ड, वडिलांच्या पगाराचा कागद लागेल. ते गोळा करायला दोन दिवस धरले, तर सुरुवात १० नोव्हेंबरला, म्हणजे उद्याच करायला हवी. जे काम यादीच्या तळाशी, तारखेविना पडले होते, ते खरे तर पहिल्या ओळीत यायला हवे होते!

यात ॲपची चूक नाही. आपण दिलेल्या तारखा त्याने बरोबर लावल्या. पण एक काम दुसऱ्या कामावर अवलंबून आहे, हे आपण त्याला सांगितले नव्हते. ही गोष्ट माणसालाच ठाऊक असते. म्हणून एखाद्या कामाची शेवटची तारीख लिहिली, की लगेच स्वतःला विचारावे : "यासाठी आधी काय लागेल? ते कोणाकडून मिळेल? त्याला किती दिवस लागतील?" मग त्या प्रत्येक पायरीचे वेगळे काम करून त्याला तारीख द्यावी. महाराष्ट्रात २०१५ साली लोकसेवा हक्क अधिनियम झाला. त्यानुसार अधिसूचित केलेल्या सरकारी सेवा किती दिवसांत द्यायच्या, याची मुदत ठरवून दिलेली असते. ती मुदत कार्यालयात पाहून घ्यावी आणि मागे मोजताना वापरावी. मुदत चुकली तर शिष्यवृत्तीचे पैसे त्या वर्षी मिळत नाहीत. एखाद्या मुलीचे पुढचे शिक्षण त्या पैशांवर अवलंबून असते, हे आपण जाणतोच.

यावरून आणखी एक गोष्ट कळते. प्रत्येक कामाला दोन तारखा असतात. एक शेवटची तारीख. ती बहुधा दुसरे कोणीतरी ठरवते. दुसरी, ते काम प्रत्यक्ष हाती घेण्याची तारीख. ती आपण ठरवायची असते. अनेक ॲपमध्ये तारखेसाठी एकच रकाना असतो. त्यात कोणती तारीख लिहावी? हाती घेण्याची तारीख रकान्यात लिहावी आणि शेवटची तारीख कामाच्या नावातच लिहावी, हे बरे. उदाहरणार्थ, 'निबंधाचा कच्चा मसुदा लिहिणे, निबंध १२ ला द्यायचा आहे', असे लिहून रकान्यात १० नोव्हेंबर ही तारीख टाकावी.

दोन तारखांतील फरक दिघ्याच्या लोकांना चांगला ठाऊक आहे. ठाणे आणि ऐरोली या स्थानकांच्या मध्ये 'दिघा गाव' हे रेल्वे स्थानक २०२३ मध्ये बांधून तयार झाले होते. पण ते प्रवाशांसाठी खुले झाले १२ जानेवारी २०२४ रोजी. बांधकाम संपल्याची तारीख वेगळी आणि लोकांना गाडी मिळाल्याची तारीख वेगळी. म्हणून कोणी एखादी तारीख सांगितली, की ती कशाची तारीख आहे, हे विचारून घ्यावे.

आता पुन्हा पुन्हा येणाऱ्या कामांकडे वळू. दर सोमवारी गणिताची चाचणी, दर महिन्याला शाळेची फी, अशी कामे एकदाच लिहून 'पुन्हा' हा पर्याय निवडला, की ॲप पुढची तारीख आपोआप टाकते. पण हा पर्याय सगळीकडे चालत नाही. 'दरवर्षी' असे सांगितले, तर ॲप साधारणपणे इसवी सनाचे वर्ष धरते. २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्ट यांना ते बरोबर लागू पडते. ईदला मात्र लागू पडत नाही. हिजरी वर्ष चंद्रावर चालते. त्याचा महिना २९ किंवा ३० दिवसांचा आणि वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असते. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०३० साली तर इसवी सनाच्या एकाच वर्षात रमजान दोनदा सुरू होईल, एकदा जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस. दिवाळी, होळी हे सणही चंद्राच्या तिथीवर असतात. पण त्या पंचांगात सुमारे तीन वर्षांनी एक अधिक महिना धरतात. म्हणून ते सण मागेपुढे झाले, तरी आपला ऋतू सोडत नाहीत.

ही अडचण जुन्या मराठी दप्तरातही होती. त्या कागदांवरील तारखा पाहिल्या, तर तुम्हांला त्या ओळखीच्या वाटतील. त्यांत पुष्कळदा हिजरी महिना असे. 'छ १० रजब' म्हणजे रजब महिन्याचा दहावा चंद्र. यातील 'छ' हे अक्षर चंद्रासाठी लिहीत. वर्षाचा आकडा अरबी शब्दांत असे. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, मिळून ११६१. या वर्षगणनेला शुहूर सन म्हणत. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली, ती याच शुहूर वर्षात. पण शुहूर वर्ष चंद्राच्या चालीने बदलत नसे. सूर्य मृग नक्षत्रात आला, म्हणजे पेरणीचे दिवस जवळ आले, की ते बदले. शेतसारा पिकावर घ्यायचा आणि पीक ऋतूप्रमाणे येते. चांद्र वर्ष तर ऋतूपासून सरकत जाते. म्हणून महिना चंद्राचा आणि वर्ष सूर्याचे, अशी सोय कारभाऱ्यांनी केली. स्वतंत्र भारतानेही अनेक पंचांगांचा असाच विचार केला. डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली एक समिती नेमली गेली आणि २२ मार्च १९५७ पासून शक वर्षावर आधारलेली राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली.

तुमच्या दृष्टीने याचा अर्थ अगदी व्यवहारातला आहे. २०२५ आणि २०२६ या दोन्ही वर्षी दहावीची परीक्षा चालू असतानाच रमजानचे रोजे आले. सहरीला उठायचे, दिवसभर उपास, मधे तीन तासांची उत्तरपत्रिका आणि संध्याकाळी इफ्तारची तयारी. अशा महिन्यात अभ्यासाचे वेळापत्रक नेहमीसारखे ठेवून चालत नाही. ज्याने आधीच कॅलेंडर पाहिले, तो अवघड धडे रमजानच्या अगोदर पुरे करतो आणि त्या महिन्यासाठी केवळ उजळणी ठेवतो. म्हणून वर्षाच्या सुरुवातीला दोन्ही दिनदर्शिका समोर घेऊन सण आणि परीक्षा यांच्या तारखा स्वतः लिहाव्यात. चंद्रदर्शनावर असलेल्या तारखेपुढे 'एक दिवस मागेपुढे' असेही लिहावे. त्या दिवसाला लागून दुसरे महत्त्वाचे काम ठेवू नये.

तारखा देताना खरेपणाही हवा. काही जण उत्साहाने सगळ्या कामांवर आजचीच तारीख टाकतात. संध्याकाळी वीसपैकी चारच कामे झालेली असतात. उरलेली सोळा दुसऱ्या दिवशी लाल अक्षरांत वर येतात. असे आठवडाभर झाले, की माणूस लाल अक्षरांकडे पाहणेच सोडून देतो. मग खरोखर निकडीचे काम त्या गर्दीत हरवते. म्हणून एका दिवसावर जेवढी कामे होण्यासारखी असतील, तेवढीच घालावीत. एखादे काम तीनदा पुढे ढकलले, तर चौथ्यांदा नुसती तारीख बदलू नये. ते मोठे असेल तर त्याचे तुकडे करावेत, येत नसेल तर शिक्षकांना विचारावे आणि करायचेच नसेल तर यादीतून काढून टाकावे. दुसऱ्याला शब्द दिला असेल, तर "हे काम त्या दिवशी होणार नाही", असे त्याला वेळेवर सांगावे. तेवढ्याने त्याची दुसरी सोय होऊ शकते.

फोन घरात एकच असेल किंवा मुळीच नसेल, तर काय करावे? एक शंभर पानी वही घ्यावी. तिच्या डाव्या पानांवर विषयवार कामे लिहावीत. ती झाली खतावणी. उजव्या पानांवर एकेका दिवसाची तारीख घालून त्या दिवसाची कामे लिहावीत. ती झाली रोजकीर्द. रोज रात्री पाच मिनिटे वही उघडावी, झालेल्या कामावर खूण करावी आणि उद्याचे पान वाचावे. ॲप आठवणीची घंटा वाजवते, वही वाजवत नाही, एवढाच मुख्य फरक. मागे मोजणे, तुकडे करणे, खरी तारीख देणे ही कामे दोन्हीकडे आपल्यालाच करायची असतात.

तेव्हा आज घरी गेल्यावर एक काम करा. पुढच्या दोन महिन्यांतील जी तारीख चुकवून चालणार नाही, अशी एकच तारीख निवडा. तेथून मागे मोजत या. आज कोणती पायरी येते, ते पाहा आणि तेवढी पायरी आज पुरी करा.

शब्दार्थ
रोजकीर्द – दररोजच्या नोंदींची वही. खतावणी – खात्यांप्रमाणे नोंदी असलेली वही. दप्तर – सरकारी कागदपत्रांचा संग्रह. शेतसारा – शेतजमिनीवरील कर. मसुदा – कच्चे लेखन. निकडीचे – तातडीचे. निरुपद्रवी – त्रास न देणारे.

स्वाध्याय
१. रोजकीर्द आणि खतावणी यांतील फरक दोन-तीन वाक्यांत लिहा.
२. कारणे द्या : (अ) तारीख वर्षापासून लिहिली, की यादीचा क्रम बरोबर लागतो. (आ) ईदसाठी ॲपमधील 'दरवर्षी' हा पर्याय चालत नाही.
३. 'समान तिसैन मया व अलफ' हे शुहूर वर्ष अंकांत लिहा. (समान – आठ, तिसैन – नव्वद)
४. शाळेच्या सहलीसाठी २० डिसेंबरपर्यंत पैसे भरायचे आहेत. त्यासाठी कोणत्या पायऱ्या लागतील, ते ठरवा आणि मागे मोजून प्रत्येक पायरीची तारीख लिहा.
५. मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे वापरले जाणारे, पण अर्थ वेगळा असलेले तीन शब्द शोधा आणि त्यांचा वाक्यांत उपयोग करा.